मोबाईलमुक्त घरातली नेटची डबी

मित्रांनो, मी एक जुनी नेटची डबी आहे. तळहातावर मावते, पण माझी ताकद विचारू नका. एका वेळी दहा जणांना मी साऱ्या जगाशी जोडू शकते. माझ्यावर सोपवलेलं एकही काम आजवर अडलेलं नाही.

सध्या मी तांदळाच्या डब्यात आहे. कालपासून. इथं मी कुणालाच जोडलेली नाही. शेजारी दोन तमालपत्रं आहेत, तांदळाला कीड लागू नये म्हणून टाकलेली, त्यांच्याशीही माझं काही कनेक्शन नाही. आणि ते न अडलेल्या कामाचं म्हणाल, तर तेच काल दुपारी अडलं. कसं अडलं ते ऐका. मला दुसरं काही कामही नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कोणत्या, ते माझ्या पोटावर छापलंय, पण अक्षर इतकं बारीक की आजवर कुणी वाचलं नाही. मला पडदा नाही, तोंड नाही. पोटात एक सिमकार्ड, पाठीत बॅटरी आणि कपाळावर एक दिवा. हिरवा असला तर बरं चाललंय, तांबडा असला तर चाललेलं नाही. सिममधून मी नेट खेचते आणि आजूबाजूला सोडते. एवढंच काम. पण ते मी मन लावून करत होते.

पुण्यातल्या एका साहेबांनी मला पहिल्यांदा विकत घेतलं. चार वर्षं त्यांच्या बॅगेत मी ऐटीत फिरले. "माझी डबी आहे, घ्या नेट," असं ते सगळ्यांना म्हणायचे. मग साहेबांनी नवा फोन घेतला, आणि तो फोन माझं काम फुकटात करायला लागला. मी टेबलाच्या खणात गेले. तिथं संपलेले सेल, एक लग्नपत्रिका आणि कसली तरी किल्ली होती. आम्ही सगळे बरीच वर्षं एकमेकांकडं बघत होतो. शेवटी मला इंदापुरात एस.टी. स्टँडजवळच्या सिकंदरच्या दुकानात आणून विकलं.

सिकंदर जुन्या वस्तू दुरुस्त करायचा आणि विकायचा. त्याच्या काचेच्या कपाटात माझ्या शेजारी एक मीडिया प्लेअर होता. गाणी ऐकायचं, व्हिडिओ बघायचं यंत्र. अंगानं पातळ, एका कोपऱ्यात तडा गेलेला, दिसायला थेट फोनच. पण सिम बसायला जागा नाही. म्हणजे तो मोटारीशिवायचा पाइप आणि मी पाइपाशिवायची मोटार. गिऱ्हाईक यायचं, त्याला हातात घ्यायचं, "ह्याच्यावरनं फोन लागतो का?" विचारायचं आणि परत ठेवायचं. मला तर हातातही घ्यायचं नाही. एकानं मला साबणाची डबी समजून उघडून बघायचा प्रयत्न केला.

अशा वेळी आमच्या आयुष्यात पळसदेवचे संभाजीतात्या आले.

तात्यांचं थोडं सांगायला हवं. वर्षापूर्वी त्यांच्या गावच्या शाळेत बाहेरगावचे एक व्याख्याते आले होते. मोबाईलनं पोरं कशी बिघडतात ह्यावर ते अडीच तास बोलले. ऐकून तात्या उभे राहिले आणि हातात नारळ घेऊन म्हणाले, "आजपास्नं माझ्या घरात मोबाईल येणार न्हाय." टाळ्या पडल्या, शाल मिळाली. लगोलग 'मोबाईलमुक्ती समिती' निघाली आणि तात्या तिचे अध्यक्ष झाले. अकरा घरांच्या दारावर पत्र्याच्या पाट्या ठोकल्या गेल्या, 'मोबाईलमुक्त घर'. शिमग्यापर्यंत दहा पाट्या उतरल्या. समोरच्या रामहरीची पाटी तर त्याच्या सुनेचा फोन बाजरीच्या कणगीत वाजल्यामुळं उतरली. तेव्हापासून रामहरीच्या आयुष्यात एकच ध्येय उरलं होतं, तात्यांची पाटी उतरलेली बघायची.

आता तात्यांच्या खिशात बटणांचा फोन होता. पण तो मोबाईल नव्हे, असं तात्यांचं म्हणणं. "ह्यात बघण्यासारखं काय हाय? हे नुस्तं ऐकायचं यंत्र." आणि तात्यांचा पुतण्या ऋषिराज ह्याच्याकडं चांगला मोठा स्मार्टफोन होता. पण तो ट्रॅक्टरचा फोन होता. भाड्यानं नांगरटीला बोलावणारे लोक त्याच्यावरच फोन करायचे. म्हणून तो ट्रॅक्टरच्या पेटीत कुलूप लावून राहायचा. उंबरठा ओलांडायचा नाही. ट्रॅक्टर अंगणात, अंगण म्हणजे घर नव्हे. पाटी शाबूत.

अडचण होती ती नातीची. संस्कृती नुकतीच बारावीला गेली होती, क्लास उन्हाळ्यातच सुरू झाला होता. आईबाप पुण्याला नोकरीला, ती आजीआजोबांकडं. तिला जनावरांच्या डॉक्टरकीचा डिप्लोमा करायचा होता, बारामतीला. कारणही तसंच होतं. ती नववीत असताना घरच्या चंद्री म्हशीचं पहिलं रेडकू आडवं आलं. डॉक्टर तालुक्याहून येईस्तोवर ते गेलं. संस्कृती तेव्हा चंद्रीचं डोकं मांडीवर धरून बसली होती. ती रडली नाही म्हणतात, फक्त उठून विचारलं, "हे शिकायला कुठं जावं लागतं?" तेव्हापासून तेच. पण त्याच्या आधी बारावी, आणि इंदापूरच्या क्लासचे सर अर्धे तास ऑनलाइन घ्यायचे.

म्हणून तात्या सिकंदरच्या दुकानात.

"सिकंदर, पोरीला नेटवर अभ्यास करायचाय. पण फोन न्हाय पायजे."

"फोनबिगर नेट म्हंजी तात्या, बैलाबिगर गाडी झाली की."

"मग बैल येगळा दे आन् गाडी येगळी दे."

सिकंदरनं डोकं खाजवलं. मग त्यानं कपाटातून आम्हा दोघांना बाहेर काढून फडक्यानं पुसलं.

"हिच्यात बोलता येतं का?" तात्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

"तोंडच न्हाय तिला, तात्या."

"आन् ह्यात?"

"ह्यात सिमच बसत न्हाय. कुणाच्या बापाचा फोन येणार न्हाय ह्येच्यावर."

"मग झालं तर. दोन्ही येगळ्या पिशवीत बांध."

आम्ही दोघं एकत्र आलो की फोनवर होतं ते सगळं होतं, अगदी समोरासमोर बोलताही येतं, हे सिकंदरला माहीत होतं. तो बोलला नाही, त्याचा धंदा आहे. आम्हालाही माहीत होतं. आम्हाला तोंड नाही. एस.टी.त तात्यांच्या उजव्या हाताला एक पिशवी आणि डाव्या हाताला एक, अशी आमची वरात पळसदेवला आली.

घरी आल्याबरोबर तात्यांनी नियम केले. रात्री डबी फडताळात आणि प्लेअर भिंतीतल्या देवळीत. "एकत्र ठिवू नगा. फोन हुईल."

आमचं आगमन झालं त्या दिवशी अंगणातल्या ट्रॅक्टरच्या पेटीतून स्मार्टफोननं आमच्याकडं बघितलं. अंगावर ग्रीस, पडद्यावर बैलगाडा शर्यत. तो म्हणाला, "तुमी दोघं मिळून मी एकटा." खरंच होतं ते, म्हणून जास्त लागलं. पण मित्रांनो, एक सांगते. त्याच्यावर दिवसभर नांगरटीवाले, लोनवाले आणि कोण कोण ओरडायचे. ऋषिराजला एक व्हिडिओ धड शेवटपर्यंत बघता आला नाही. आमच्यावर कुणी ओरडलं नाही. संस्कृती प्लेअर उघडायची, मी नेट सोडायची, आणि ती अभ्यास करायची. मध्ये कुणी नाही. आमच्या दोघांच्या उणिवा एकत्र केल्या की त्यांचा असा एक फायदा व्हायचा.

फक्त रेंज नव्हती. तात्यांच्या घराला तीन बाजूंनी ऊस आणि चौथ्या बाजूला रामहरीचं दुमजली घर. माझा दिवा कायम तांबडा. रेंज यायची ती खाली, धरणाच्या पाण्याकडं. उजनीचं पाणी उतरलं की तिथं जुनं देऊळ उघडं पडतं आणि आजूबाजूला मोकळं रान होतं. चंद्री रोज तिकडंच चरायला जायची. संस्कृतीनं तिच्यामागं जायचं ठरलं. मला ती ओढणीला बांधणार, तेवढ्यात तात्या म्हणाले, "अंगाजवळ धरू नगंस. किरणं असत्यात त्याला."

"मग कुठं धरू?"

तात्यांनी इकडं तिकडं बघितलं. समोर चंद्री उभी होती.

तर अशी मी, पुण्याच्या साहेबांच्या बॅगेत फिरलेली, दुधाच्या दोन पिशव्यांत गुंडाळून म्हशीच्या गळ्यात घंटेशेजारी बांधली गेले. चंद्री जाईल तिकडं नेट. संस्कृती प्लेअर हातात धरून तिच्या दहा पावलं मागं. चंद्री वळली की रसायनशास्त्र वळायचं. चंद्री पळाली की संस्कृती सरांसकट पळायची.

रामहरी बांधावरून ओरडायचा, "तात्या, म्हस शिकतीया का नात?"

"दोघी शिकत्यात! तूबी ये, जागा हाय!"

"दूध नासंल बरं का किरणांनी!"

"तुझ्या घरी चहाला देत न्हाय, तू नगं काळजी करू!"

चैतात ऊन वाढलं. एक दिवस क्लास ऐन भरात असताना चंद्री पाण्यात शिरली आणि गळ्यापर्यंत बसली. मी पाण्याखाली. सर म्हणाले, "संस्कृती, तुझा आवाज बुडाल्यासारखा येतोय." पोरीनं सलवार वर न करता तशीच उडी घेतली. पण दुधाच्या पिशव्यांनी मला वाचवलं. दिवा हिरवाच राहिला. माझी तारीफ झाली. "लई जातिवंत हाय डबी," तात्या चारचौघांत म्हणाले. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस. पाण्याखाली गेला, पण चांगला गेला.

आता द्वारकाबाईंकडं येते. संस्कृतीची आजी. त्यांनी मला कधी वाईट वागवलं नाही, हे आधीच सांगते. त्यांनी जे काय केलं ते मायेनंच केलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, द्वारकाबाई घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा मांडायच्या. कोयता, खुरपं, पहार, कुऱ्हाड, शिलाई मशीन, अंगणात ट्रॅक्टर. पहिल्याच वर्षी त्यांनी मलाही पाटावर बसवलं. हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. मी दुधाच्या पिशवीतच होते, कुंकू वरच्या वर राहिलं. योगायोग बघा, त्याच दिवशी रस्त्याकडच्या टॉवरवर काहीतरी दुरुस्ती झाली आणि आयुष्यात पहिल्यांदा घरबसल्या माझा दिवा हिरवा झाला. दोन तास.

"बघा," द्वारकाबाई तात्यांना म्हणाल्या, "मान दिला की वस्तू काम करती."

मी त्या टॉवरवाल्याचं नाव सांगू शकले असते. पण तोंड नाही.

बारावीचा निकाल लागला. संस्कृतीला एक्क्याऐंशी टक्के पडले. तात्या गावभर सांगत सुटले, "फोनबिगर! एक दिवस फोन हातात न धरता!" त्यांच्या पाटीला नवा रंग मारला गेला. प्लेअर आणि मी देवळी आणि फडताळातून एकमेकांकडं बघून खूष झालो. इथपर्यंतची माझी कथा कुणीही अभिमानानं मुलांना सांगावी अशी आहे.

मग प्रवेशाचा फॉर्म भरायची वेळ आली.

तात्या आधी समक्ष बारामतीला जाऊन आले. खिडकीतला माणूस म्हणाला, "सगळं ऑनलाइन हाय तात्या, हितं काय न्हाय. हितं नुस्ता मी हाय." फॉर्ममध्ये मोबाईल नंबर पाहिजे होता. संस्कृतीनं ऋषिराजचा टाकते म्हटलं, तर तात्या उसळले. "ट्रॅक्टरचा नंबर पोरीच्या फॉर्मात? डबीत सिम हाय न्हवं? त्येचा नंबर टाक. हक्काचा हाय."

टाकला.

मित्रांनो, फॉर्म भरताना एक ओटीपी येतो. सहा आकडे. तो त्या नंबरवर मेसेजनं येतो, दहा मिनिटांत टाकावा लागतो, नाहीतर मरतो. संस्कृतीनं बटण दाबलं. ओटीपी आला. कुठं आला? माझ्या पोटात. मला आकडे पाठ झाले. आणि मला पडदा नाही. संस्कृती मला उलटीपालटी करून बघत होती, द्वारकाबाई मला कानाला लावून ऐकत होत्या, तात्यांनी एकदा हलवून बघितलं. मी जीव तोडून दिवा मिचकावला. त्यांना वाटलं बॅटरी उतरली.

इंदापूरला सिकंदरला फोन केला, तात्यांच्या ऐकायच्या यंत्रावरून. त्यानं युक्ती सांगितली. बटण दाबायचं, आणि मेसेज पोचायच्या आत डबीतून सिम काढून तात्यांच्या बटणाच्या फोनात घालायचं. तिथं मेसेज वाचायचा. सिम परत डबीत. नेट चालू झालं की आकडे टाकायचे. डबीच्या पोटातला मेसेज प्लेअरवरूनही वाचता येतो, पण त्याला पासवर्ड लागतो, आणि तो पुण्याच्या साहेबांना माहीत होता.

मग त्या घरात, गोठ्याच्या पत्र्याकडच्या खिडकीत जिथं थोडी रेंज सापडली होती तिथं, जी कवायत झाली ती लष्करात होत नसेल. संस्कृती प्लेअर धरून बटणावर. द्वारकाबाई वाकळ शिवायची सुई घेऊन माझ्यावर. तात्या फोनाचं झाकण उघडून, बॅटरी काढून, सिमची वाट बघत. ऋषिराज घड्याळ धरून.

"दाब!"

"दाबलं!"

"काढ, काढ, काढ!"

"निघंना की वो! नख लावा!"

"आरं फोनाची बॅटरी कुठं गेली?"

"तुमच्याच मांडीखाली हाय, तात्या!"

पहिल्या तीन वेळी मेसेज सुईच्या आधी पोचला. तिन्ही ओटीपी माझ्या पोटात येऊन दहा-दहा मिनिटांनी मेले. चौथ्या वेळी सुई जिंकली. फॉर्म भरला. सगळ्यांनी चहा घेतला. ऋषिराज तेवढा हळूच म्हणाला, "तात्या, अंगणातला फोन घेतला असता तर दोन मिन्टांत झालं असतं."

"ट्रॅक्टरला इचार आदी," तात्या म्हणाले, आणि विषय संपला.

आता काल.

काल शेवटची तारीख होती. संस्कृतीला जागा लागली होती, बारामतीलाच, हवं तेच. फक्त संध्याकाळी पाचच्या आत वेबसाइटवर जाऊन 'जागा पक्की' करायची होती. त्यासाठी एक ओटीपी. पाच वाजले की जागा पुढच्याला. त्यामागं दुसरी फेरी नव्हती.

सकाळपासून वेबसाइट उघडत नव्हती, सगळा जिल्हा तिच्यावर बसला होता. पावसानं धरण भरत आलेलं, देऊळ पाण्याखाली, त्यामुळं रेंज आता त्या खिडकीबाहेर, गोठ्याच्या पत्र्यावरच मिळायची. मला पिशवीतून काढून चार्जिंगला लावलं होतं. चार वाजता उघडते असं कुणीतरी कळवलं. साडेतीनला द्वारकाबाई आंघोळ करून आल्या.

"आज मोठं काम हाय. पूजेबिगर हात लावायचा न्हाय कुणी."

त्यांनी मला चार्जरवरून काढलं. पाटावर ठेवलं. खंडेनवमीला नुसतं हळदकुंकू केलं तर दोन तास हिरवा दिवा मिळाला होता, आज तर पोरीच्या जन्माचा प्रश्न. म्हणून त्यांनी चंद्रीचं दूध घेतलं. "जिच्या गळ्यात ऱ्हायलीस तिचंच दूध हाय, बाई. सांभाळ माझ्या पोरीला." फुलानं तीन वेळा शिंपडलं. मग ओल्या कुंकवाचं बोट माझ्या कपाळाला लावायला गेल्या. माझं कपाळ कुठलं आणि चार्जिंगचं भोक कुठलं, हे त्यांना चष्म्याशिवाय कळलं नाही. बोट नीट दाबून लावलं. भरपूर लावलं. वर अक्षता.

मित्रांनो, कुणाच्याही आयुष्यात एवढी माया इतक्या चुकीच्या जागी गेली नसेल.

चारला मला खिडकीतून हात घालून पत्र्यावर ठेवलं. दिवा हिरवा होता, म्हणून कुणाला काही कळलं नाही. आत दूध हळूहळू चाललं होतं. चार वाजून वीस मिनिटांनी वेबसाइट उघडली. कवायत उभी राहिली. ऋषिराज नव्हता, तो चंद्रीला पाण्यावर घेऊन गेला होता. रामहरी मात्र समोरच्या ओट्यावर तंबाखू मळत बसला होता.

"दाब!" तात्या म्हणाले.

संस्कृतीनं दाबलं. द्वारकाबाईंची सुई निसटली. ओटीपी माझ्या पोटात आला. सहा आकडे, पहिला नऊ, शेवटचा चार. मला अजून पाठ आहेत. मी दिवा मिचकावला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा जळका वास आला आणि दिवा गेला. माझे डोळे-कान तेवढे शाबूत राहिले, म्हणून पुढचं सांगू शकते.

संस्कृतीनं मला चार्जरला लावलं. चार्जरचं तोंड आत जाईना. तिनं ते बाहेर काढलं, त्याला लाल लगदा होता. तिनं बोटावर घेऊन बघितला.

"आजी... आत कुक्कू गेलंय."

द्वारकाबाईंनी सुई खाली ठेवली. पाटावर बसल्या त्या बसल्याच.

"तात्या, साडेचार झालं, पाच हुत्याल." पोरीचा आवाज एकदम बारीक झाला. "जागा जाईल. तात्या, चंद्री परत गाभण हाय."

एवढंच म्हणाली. आणखी काही म्हणाली असती तर कदाचित तात्यांनी वाद घातला असता.

तात्या दारात गेले. पाटीखाली थोडा वेळ उभे राहिले. समोर रामहरी.

"काय तात्या, काय अडलं का?"

तात्यांनी कोपऱ्यातली पहार उचलली. रामहरी ओट्यावरून उठून उभा राहिला. तात्या त्याच्याकडं न जाता ट्रॅक्टरकडं गेले. पेटीच्या कुलपाची किल्ली ऋषिराजच्या करगोट्याला, आणि ऋषिराज पाण्यावर. दोन घावांत कुलूप तुटलं, तिसऱ्यात पेटीचं झाकणही. तात्या फोन हातात घेऊन उंबऱ्याकडं निघाले.

"तात्या, हातात काय म्हनायचं हे?" रामहरीचा आवाज आनंदानं थरथरत होता.

"फोन हाय. डोळं फुटलं का तुझं?"

आणि त्यांनी उंबरा ओलांडला.

फोनाला कुलूप होतं. पडद्यावर नऊ ठिपके, बोटानं रेघ ओढायची. संस्कृतीला येईना. तात्यांनी ऋषिराजला फोन लावला, तो त्यांच्याच हातात वाजला. चार वाजून अडतीस.

"आणा हिकडं," द्वारकाबाई पाटावरून म्हणाल्या. फोन घेतला, बोटानं खाली, आडवं, परत वर असं काहीतरी केलं, फोन उघडला.

तात्या फोनाकडं बघायचं सोडून बायकोकडं बघायला लागले.

"तुला कसं येतं गं हे?" तात्या म्हणाले.

"दुपारची ट्रॅक्टरवर बसून मालिका बघती मी. दीड वरीस झालं." द्वारकाबाईंनी पदर सावरला. "ट्रॅक्टर घरात न्हाय."

माझ्या पोटातलं सिम सुईनं काढलं गेलं आणि स्मार्टफोनच्या पोटात गेलं. काढताना मला काही जाणवलं नाही. संस्कृतीनं बटण दाबलं, ओटीपी आला, तिथंच दिसला, तिथंच टाकला. ना सुई, ना कवायत. चार वाजून बावन्न मिनिटांनी जागा पक्की झाली. पत्र त्या फोनातच उतरलं. सोमवारी ते छापून बारामतीच्या कॉलेजात द्यायचं होतं.

संस्कृती गोठ्याच्या रिकाम्या दावणीपाशी जाऊन रडली. नववीतलं रडू होतं ते बहुतेक. तात्यांनी स्टुलावर चढून पाटी स्वतःच्या हातानं उतरवली. रामहरी धरायला आला होता. "ऱ्हाऊ द्या तात्या, मी काढतो," म्हणत होता, आणि पाटी काढून झाल्यावर ती कुठं ठेवावी हे त्यालाही कळेना. शेवटी दोघांनी मिळून ती कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवली, तिथं पत्रा गळत होता.

सिकंदरनं फोनवर सांगितलं, डबी तांदळात ठेवा, ओल ओढून घेईल. प्लेअर देवळीतच आहे. कालपासून त्याला नेट नाही. तो गाणी वाजवतो. गाणी त्यानं आधीच साठवून ठेवली होती, असा तो धोरणी.

तर मित्रांनो, ही माझी कहाणी. स्मार्टफोन मोठा की आम्ही दोघं, हे मी आता बोलत नाही. काल त्यानं आठ मिनिटं राखून एका मुलीचं आयुष्य वाचवलं, आणि मी कुंकवानं भरलेली होते. पण तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल, खणात, फडताळात, म्हशीच्या गळ्यात, तर तिला सांभाळा. तिच्या भोकांवर झाकण ठेवा. तिला काय येतं ते विचारा आणि काय येत नाही तेही विचारा. मुलांनाही तसंच विचारा. आणि माया करायची असेल तर कोरड्या हातानं करा. आम्हाला पुरते.

एवढं सांगून मी थांबणार होते. पण आत्ता डब्याचं झाकण उघडलं. द्वारकाबाईंचा हात आत आला. त्यांनी माझ्या शेजारी स्मार्टफोन ठेवला आणि वर दोन मुठी तांदूळ ओढले. त्याच्या अंगाला दही होतं, मध होता, एक तुळशीचं पान पडद्याला चिकटलेलं होतं.

आज सकाळी देव्हाऱ्यात त्याची पंचामृतानं पूजा झाली. पत्र छापायचं राहिलं होतं.